चौथ्या मशीनचा वाटा

फोन खांद्याने कानाशी दाबून धरत उत्तमने चौथ्या कॉम्प्युटरवर हात ठेवून पाहिला. चांगलाच तापला होता.

"दहा दिवसांचाच प्रश्न आहे, दादा," पलीकडून धाकटा भाऊ गुणवंत म्हणत होता. "स्वातीची कंबर धरलीय. आईला या वेळी जरा आधी नेशील का?"

"अरे, ठरलंय ना आपलं? जून ते नोव्हेंबर तुझ्याकडे, डिसेंबर ते मे माझ्याकडे. यापेक्षा सारखं अजून काय वाटायचं? आणि आत्ता मी घाईत आहे रे."

"बरं, राहू दे," गुणवंत म्हणाला.

घाई खोटी नव्हती. जेसल पार्कमधल्या त्याच्या त्या एवढ्याशा स्टुडिओत सकाळपासून जिजाबाई बसून होत्या, जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातल्या. पाच दिवसांपूर्वी त्यांच्या मुलीचं, शिवांगीचं लग्न उत्तमनेच शूट केलं होतं. हळदीच्या आदल्या दिवशी नवरीच्या बापाच्या, लीलाधरच्या छातीत कळ आली आणि तो हायवेवरच्या हॉस्पिटलात गेला, तो अजून तिथेच होता. आज पाच वाजता ऑपरेशन. चार वाजता घरच्यांना भेटायला सोडणार होते.

दोन तासांची फिल्म मोबाइलवर चालेल अशी करून द्यायची, तर मशीन वेळ खातं. उत्तमने नेहमीप्रमाणे तिचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार भाग करून चार मशीनना लावले होते. तिघांचं काम एक वाजताच संपलं. चौथं पावणेदोनला अर्ध्यावरही आलं नव्हतं. या चालीने सहा वाजले असते! एरवी तो काम लावून घरी जायचा आणि सकाळी सगळं तयार असायचं. कोण आधी सुटलं, कोण मागे राहिलं, हे बघायची वेळच कधी आली नव्हती.

"ताई, एक करू का? शेवटचा भाग सोडून बाकीचं देतो. त्यात नुसता वरातीतला नाच आहे."

"नाचच बगायचाय त्यांना," जिजाबाई म्हणाल्या. "भटजी काय, सगल्यांच्या लग्नात बसतात. हॉस्पिटलात जाताना पोरीला सांगून गेले, माज्यासाठी नाच थांबवायचा न्हाय. आता सारकं इचारतात, नाचली का? आमच्या पोरानं, प्रीतमनं मोबाइलवरचा तुकडा दाखवला, तर म्हंतात, फोटोपुरती नाचवली असंल. अख्खी वरात दाखवा."

जिजाबाईंनी थंड पडलेल्या तीन मशीनकडे बोट केलं.

"आनि हे तीन का गप बसलेत?"

"त्यांचं झालं. मी सगळ्यांना सारखंच दिलं होतं."

"मंग यालाच काय झालं?"

उत्तमने पडद्यावर दाखवलं. जेवणाच्या पंगती, आहेर घेणारे नवरा-नवरी. माणसं जागची हलत नाहीत, त्यामुळे मशीन भराभर पुढे जातं. वरातीत दोनशे माणसं, दिवे, उडणारा गुलाल. सगळंच हलतंय, म्हणून मशीनला कष्टही तेवढेच.

जिजाबाईंनी दोन्ही हात पसरले. "आमी जालं शिवाया बसतो, तवा असं वाव मोजून वाटीत न्हाय. एकीला धड भाग, एकीला फाटका, दोनी चार-चार वाव. त्ये काय सारकं झालं? भोकां बगून वाटायचं. आनि जी रिकामी झाली, ती पुढचं भोक घेते."

"अहो ताई!" उत्तमने कपाळावर हात मारला. वीस वर्षं धंद्यात काढून हे त्याला सुचलं नव्हतं. त्याने चौथं मशीन थांबवलं, उरलेल्या वरातीचे मिनिटा-मिनिटाचे तुकडे केले आणि ते रांगेत लावले. जे मशीन सुटेल, त्याने पुढचा तुकडा उचलायचा. चारही पंखे एकदम घरघरायला लागले.

सव्वातीनला जिजाबाईंच्या मोबाइलवर शिवांगी नाचत होती. बापाची लाल टोपी डोक्यावर घालून, रडत, हसत, वरातीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आता बोलू दे त्यांना," जिजाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "लई उपकार झाले, भाऊ."

"उपकार तुमचेच, ताई. पळा आता!"

त्यांना रिक्षात बसवून उत्तम वर आला आणि खुर्चीत बसून राहिला. जून ते नोव्हेंबर. पाऊस लागला की आईचा दमा उठतो. रात्र-रात्र तिला बसवून ठेवायचं, वाफ द्यायची, छाती शेकायची, वर न वाळणारे कपडे. डिसेंबरात ती त्याच्याकडे येते तेव्हा ठणठणीत असते, बागेत फिरते, लाडू वळते. नऊ वर्षं असंच चाललं होतं आणि तो सहा-सहा महिने मोजत होता. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

आधी त्याने बायकोला फोन केला आणि आईला आजच आणतो म्हणून सांगितलं.

"स्वातीच्या कंबरेचं कळलं तेव्हाच मी म्हणणार होते," उर्मिला म्हणाली. "पण तुम्ही ऐकता कुठे!"

मग पेणकरपाड्याला, भावाच्या घरी.

"गुणवंत, आईला न्यायला येतोय. आजच."

"अरे दादा, दहा दिवस काय, निघतील."

"आणि पुढचा पावसाळा माझ्याकडे. रात्री मी उठेन. स्वातीला फोन दे जरा."

"बोला, भावोजी."

बोलायचं नऊ वर्षांचं होतं.

"कंबर कशी आहे?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "फार केलंस गं तू."



"या," स्वाती म्हणाली. "पण आल्या-आल्या नेऊ नका त्यांना. जेवूनच जा."