कलाबाईचा दुसरा चष्मा

कलाबाईच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांस वाढत वाढत बुबुळापर्यंत आलं होतं. तीस वर्षं वरवट बकालच्या शिवारात निंदण-वेचणी करणारी बाई. डोळे लाल होणं तिला नवं नव्हतं. पण धूसर दिसू लागलं, तेव्हा तिची लेक समता तिला खामगावला घेऊन गेली. डॉक्टरांनी ऑपरेशन करून मांस काढलं आणि बजावलं, "उन्हात चष्म्याशिवाय जायचं नाही. नाहीतर परत वाढेल."

कलाबाईनं आठवडी बाजारातून सगळ्यात काळा गॉगल निवडला. काच जितकी काळी तितकी चांगली, असं तिला वाटलं.

डोक्याला रुमाल, डोळ्यांवर गॉगल अशी ती सोयाबीनच्या वावरात उतरली, तशी बायांसोबत तण निंदणारी कोकिळा उठून उभी राहिली. "काऊन व कलाबाई, शूटिंगले चालली का?"

बाया पोट धरून हसल्या. कलाबाईचे कान तापले, पण गॉगल तिनं काढला नाही. घरी नवरा इंद्रभानही म्हणायचा, "वावरात कोण पाह्यते तुले?" तरी वर्षभर तिनं तो नेमानं वापरला.

वर्षानं तपासणीला गेली, तर मांस पुन्हा डोकावत होतं.

"चष्मा घालत नव्हता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज घालून राह्यली ना मी!" तिनं पिशवीतून गॉगल काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि तिला शेजारच्या चष्म्याच्या दुकानात पाठवलं. दुकानदार चंद्रशेखरनं काच एका छोट्या यंत्रात धरली.

"मावशी, यानं नुसता उजेड कमी होतो. उन्हातले अतिनील किरण सरळ आत जातात. त्यात काळोखानं डोळा बारीक होत नाही, सताड उघडा राहतो, म्हणजे उलट जास्तच किरण पडतात."

"म्हणजे सालभर लोकायचं हसणं फुकटच झेललं मी?"

चंद्रशेखरनं फिक्या तपकिरी काचांचा, बाजूनंही डोळा झाकणारा चष्मा पुढे केला.

"एवढ्या फिक्या रंगानं काय होते?"

"किरण रंगानं अडत नाहीत, मावशी. काचच तशी बनवलेली असते." त्यानं ती यंत्रात धरली. आत जाणाऱ्या किरणांचा आकडा शून्यावर आला. कलाबाईनं दोन्ही चष्मे आलटून पालटून तीनदा तपासायला लावले, मगच तिचं समाधान झालं. वर रुंद काठाची टोपीही घाला, असं त्यानं सांगितलं.

नव्या काचेतून तण आणि पीक स्वच्छ वेगळं दिसायचं. पंधरा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत कोकिळा हळूच जवळ येऊन बसली.

"माह्या बी डोयात टोचून राह्यलं. पाह्य बरं."

कोपऱ्यात गुलाबीसर ठिपका होता. कलाबाई म्हणाली, "सोमवारी चाल माह्यासंगं खामगावले."

"पण मले लोकं हसतीन व."

"हसतीन. तू नव्हती का हसली मले?"

कोकिळानं मान खाली घातली. म्हणाली, "चुकलंच माहं."

कलाबाईनं भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा कलाबाईच्या डोळ्यातलं मांस होतं तेवढंच होतं. तूर्त ऑपरेशन नको, म्हणाले. कोकिळाचं औषधाच्या थेंबांवर भागलं. उन्हातल्या चष्म्याला मात्र तिनं लालभडक फ्रेम निवडली.