बांधाला हात लावू नको

गिरण्यांचा संप फिसकटला तेव्हा दशरथच्या खात्यातले निम्मे विणकर गावी परतले. दशरथ परतला नाही. अंधेरीच्या एका कारखान्यात वॉचमन झाला आणि कांदिवलीच्या खोलीत राहून गावच्या धाकट्या भावाला, लवूला, अक्कल शिकवू लागला. मुंबईत राहणाऱ्याला सगळं कळतं, असं आम्हा कोकणातल्या माणसांना उगाचच वाटतं.

लवूचं पोट खाडीकाठच्या भातावर. भरतीचं खारं पाणी अडवणारा मातीचा बांध दोन वर्षांपासून ठिसूळ झाला होता. सरकार असे बांध दगडी करून देतं, हे दशरथने कुठून तरी ऐकलं. मग सुट्टीच्या दिवशी या कचेरीतून त्या कचेरीत, चपला झिजवून, त्याने योजनेचा पत्ता काढला आणि अर्ज केला. यात त्याचं कौतुकच आहे.

मे महिन्यात तो गावी गेला आणि नेमका बांध फुटला. भगदाड हातभरच होतं. लवू फावडं घेऊन निघालाच.

"दादा, ओहोटी आसा. धा माणसा घेतंय नि सांजेपर्यंत बुजवतंय."

"खुळो काय रे? सायब बघून जाईसर हात लावू नको. बुजवलंस तर सरकार म्हणतला, मोडलाच खंय?"

गिरणीत बिघडलेल्या मागाला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येईपर्यंत बोट लावायचं नसे. लावलं की मोडतोड आपल्या नावावर. तोच कायदा दशरथने बांधाला लावला. लवूने फावडं खाली ठेवलं.

साहेब आलाच नाही. आषाढातल्या उधाणाने भगदाडातून बैलगाडी जाईल एवढी वाट केली. भाताची रोपं पिवळी पडून कुजली आणि जमिनीत मीठ बसलं. आता तिथे दोन-तीन वर्षं गवतही धड उगवणार नव्हतं. लवू घराला कुलूप लावून कांदिवलीला आला. दशरथने त्याला आपल्याच कारखान्यात चिकटवलं.

दिवाळीनंतर बांध मंजूर झाला. दशरथ कागद घ्यायला गेला तेव्हा कचेरीतले साहेब खुशीत होते.

"पाहणीसाठी आम्ही भगदाड तसंच ठेवलं होतं, साहेब," दशरथ म्हणाला.

"तसंच? अहो, माती टाकून बुजवायचं ना लगेच! कोणी नको म्हटलं तुम्हाला?"

कोणीच म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत दशरथला स्वतःची नुसती शिसारी येत होती.

रुक्मिणी, त्याची बायको, लवूला जेवायला वाढत होती. दशरथ दारातच उभा राहिला आणि सगळं बोलून मोकळा झाला. "लवू, मी तुझी वाट लावलंय रे."

लवू भात कालवत राहिला. "माका तेवाच ठावक होता, दादा. पाणी भितूर येतला म्हणान."

"मगे बुजवलंस कित्याक नाय?"

"तू नको म्हणालंस ना! बाबा गेल्यार मी तुजा सांगणा कदी मोडलंय?"

रुक्मिणीने नवऱ्याचंही ताट वाढलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला, आणि लवू हात धुऊन रात्रपाळीला निघून गेला.