अप्पांच्या किटलीची मर्यादा

त्या गजरानं थोरलीचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. कारखान्यातल्या यंत्रांवर नजर ठेवायचं तिचं काम. एखादं यंत्र रोजच्यापेक्षा जास्त धडधडलं किंवा गप्प बसलं, की हिच्यासमोरचा पडदा लाल! दिवसभर तेच, आणि घरीही सुटका नाही. आई गेल्यापासून अप्पा, म्हणजे तिचे वडील, एकटे राहत. त्यांची किटली, टीव्ही आणि विजेची शेगडी तिनंच आपल्या फोनला जोडून ठेवली होती. ठरल्या वेळेत काही सुरू झालं नाही की फोनवर गजर.

आणि अप्पा कसले वेळ पाळतात! गजर वाजायचा, अप्पा फोन उचलायचे नाहीत, आणि ही हातातलं काम टाकून, दोन बस बदलून धापा टाकत पोहोचायची. अप्पा दारात उभे, ठणठणीत.

"अगं, आज चहाची इच्छाच नव्हती. आलीच आहेस तर बस घटकाभर, आता टाकतो."

शेवटी साहेबांनी तिला चारचौघांत झाडलं. झाडणारच की हो, रोज कोण खपवून घेईल? मग तिनं कारखान्यातली युक्ती घरी वापरली. ठरावीक वेळांची अटच काढून टाकली. तिन्हींचा मिळून दिवसभराचा वापर आदल्या काही दिवसांशी ताडून बघायचा आणि एकदम मोठा फरक पडला तरच ओरडायचं, असं यंत्राला शिकवलं.

गजर थांबला. थोरलीला दोन घास सुखानं खाता येऊ लागले. रात्री फोनवर अप्पा "बरा आहे" म्हणत, आणि दमलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

बऱ्याच दिवसांनी सुटी मिळाली तेव्हा ती गेली. अप्पांनी दार उघडलं. गालफडं बसली होती, सदरा खांद्यावरून उतरत होता. शेगडीवर धूळ होती.

तिनं घाईघाईनं फोनमधल्या नोंदी पाहिल्या. सगळं रोज थोडं थोडं कमी होत गेलं होतं. मोठा फरक एकाही दिवशी नाही. यंत्रानं शिकवल्याबरहुकूम प्रत्येक दिवस नेहमीचाच धरला होता.

"अप्पा, हे काय करून घेतलंत? जेवत का नाही?"

अप्पा भिंतीला धरून खुर्चीत टेकले.

"पूर्वी किटली लावली नाही की तू यायचीस. मग येईनाशी झालीस. वाटलं, नुसत्या चहानं भागत नसेल. म्हणून टीव्ही कमी केला. मग शेगडी."

थोरलीला रडू आवरेना. "अहो, नुसतं 'ये' म्हणायचं होतंत!"

"कसं म्हणणार, बाळा? तू किती दमलेली असायचीस," अप्पा म्हणाले. "गजर झाला की तुझा नाइलाज व्हायचा."