दाराआडचा पाच टक्के ऑक्सिजन

मी इन्क्युबेटर. बोलायचंही जिवावर येतंय, पण चौदा वर्षं गप्पच होतो, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

प्रयोगशाळेत आलो तेव्हा मी इतका चकचकीत होतो की येणारा-जाणारा माझ्या काचेत बघून केस नीट करायचा. माझं काम सांगायला सोपं. आत माणसाच्या अंगाइतकी ऊब ठेवायची आणि डिशमध्ये वाढणाऱ्या पेशी सांभाळायच्या. पेशी कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याच्या. त्या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. तो ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून घेतो, आणि माणसाने डोळे मिटले की त्याला कमीच मिळतो. म्हणून नायट्रोजन सोडून माझ्यातला ऑक्सिजन पाच टक्क्यांवर आणायचे. शेजारच्या इन्क्युबेटरला मात्र साधी हवा. पेशी कुणाकडे चांगल्या वाढतात, हे बाईंना बघायचं होतं.

बाई म्हणजे आमच्या संशोधक. फार जीव लावायच्या, आणि तेच माझ्या मुळावर आलं. सकाळी आल्या की दार उघडून बघणार, चहा झाला की बघणार, निघताना पर्स खांद्याला लावून पुन्हा एकदा. "नुसतं बघते," म्हणायच्या. दार उघडलं की बाहेरची हवा भसकन आत. तिला हुसकावून पाचावर यायला मला अर्धा तास लागायचा. जेमतेम पोचतोय, तोच पुन्हा दार. शेजाऱ्याला काय, त्याच्या आत नि बाहेर ऑक्सिजन सारखाच.

निकाल कधी असा, कधी तसा. दोन खेपा वाया गेल्या. नेत्रदान करून गेलेल्या एका माणसाच्या पेशी होत्या त्या, आणि आता शेवटच्या खेपेपुरत्याच उरल्या होत्या. या वेळी जमलं नाही तर विषय बंद, असं बाईंच्या सरांनी सांगून टाकलं. बाईंनी पेशी आत ठेवल्या आणि दुपारपर्यंत दार तीनदा उघडलं.

नायट्रोजनचे सिलिंडर बदलणारे मामा मोजकंच बोलणारे. त्या दुपारी ते कंबर धरून उभे राहिले.

"बाई, रागावू नका. पूर्वी सिलिंडर महिनाभर पुरायचा, आता बारा दिवसांत रिकामा होतो. गळती नाही, साबणाचं पाणी लावून बघितलं. दारच जास्त उघडतंय."

बाईंनी माझ्या दाराच्या मुठीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "मीच उघडते, मामा."

पुढचे तीन दिवस दार बंद. त्या यायच्या, मुठीवर हात ठेवायच्या, आणि परत खुर्चीत जाऊन बसायच्या. मला त्यांची दया यायची. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सलग तीन दिवस पाच टक्के धरून होतो.

चौथ्या दिवशी डिश सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या. शेजाऱ्याच्या पेशी विरळ, माझ्या दाट, एकमेकींना बिलगून पसरलेल्या. बाईंनी डोळे पुसले, डिश पटकन आत ठेवल्या आणि दार लावलं.

मला बरं वाटलं, पण मी पार थकलो होतो. पंखा अडखळायला लागला. त्याच निकालावर नवं यंत्र मंजूर झालं आणि मला जिन्याखाली आणून ठेवलं. तक्रार नाही. त्या नव्याचं दार जरा कमी उघडा, एवढंच मागणं.

काल बाई इथून जाताना थांबल्या. सवयीने माझं दार उघडलं आणि रिकाम्या कप्प्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

बाई, आत आता कुणी नाही. हवा तेवढा वेळ बघा.