कनेलचं आणि माझं जेवण

काचेपलीकडून पुठ्ठा कुरतडल्याचा आवाज येतोय ना, तो माझा. दचकू नका. मी उंदरांच्याच जातीतला, पण शेपटीला झुबकेदार केस असलेला. जर्बिल म्हणतात आम्हाला. आमचे पूर्वज मंगोलियाच्या कोरड्या माळांवर एकेक बी शोधत दिवसभर पळायचे म्हणे. मला ते काही आठवत नाही. मी जन्मलो तो स्वेनबोर नावाच्या गावात, प्रेबेन मास्तरांच्या घरी, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी.

मास्तरांना वाटलं होतं आपल्या काचेच्या पेटीत दोन बहिणी आहेत. आम्ही झालो तेव्हा त्यांना कळलं की तसं नव्हतं. मग ते आम्हाला गल्लीभर वाटत सुटले. शेजारच्या थिराने आम्हा दोघा भावांना घेतलं. "एकटं ठेवलं तर झुरतात, जोडीनेच न्यायचे," असं मास्तरांनी तिला बजावलं होतं. मी काळा, म्हणून माझं नाव तिने पेबर ठेवलं. इथल्या भाषेत पेबर म्हणजे मिरं. भाऊ तपकिरी, म्हणून तो कनेल. म्हणजे दालचिनी. बेकरीवाल्याच्या घरात आणखी कुठली नावं सुचणार!

बेकरीवाला म्हणजे थिराचा नवरा, अक्सेल. उभा जन्म त्याने या गावाला पाव, बिस्किटं आणि बदामाचं सारण भरलेल्या पेस्ट्र्या खाऊ घातल्या. मग गुडघे गेले, रक्तात साखर सापडली आणि बेकरी विकावी लागली. पण सवय थोडीच विकली जाते? उजाडायच्या आत तो उठायचा आणि स्वयंपाकघरात नुसता येरझाऱ्या घालायचा. हात काहीतरी मळायला शोधत असायचे.

"तुझ्याइतकं लवकर उठणारं कुणीतरी आणलंय," असं म्हणत थिराने आमची पेटी खिडकीशी ठेवली. "आता यांना सांभाळ आणि मला झोपू दे."

अक्सेलने वाकून आमच्याकडे पाहिलं. "काय रे पोरांनो," तो म्हणाला, "भूक लागलीय?"

माणसांना जीव लावायचा म्हटलं की पहिल्यांदा हाच प्रश्न का सुचतो, मला ठाऊक नाही. आणि याचं खरं उत्तर कुठलाही उंदीर देत नाही. आम्ही दोघं धावत पुढे आलो.

प्रेबेन मास्तरांनी आमच्यासोबत धान्याचा पुडा दिला होता. त्यात राळं होतं, ओट्स होते, वाळलेला पाला, वाटाण्याच्या चकत्या आणि मोजक्याच सूर्यफुलाच्या बिया. आम्ही काय करायचो, तर वाटीत शिरून आधी सूर्यफुलाच्या बिया वेचायचो. त्यात तेल असतं, चव असते. बाकीचं तसंच पडून राहायचं. अक्सेल ती वाटी बघून हळहळायचा. "हे नाही आवडत यांना," असं म्हणून उरलेलं ओतून द्यायचा आणि पुन्हा भरायचा. पुढे त्याने निव्वळ सूर्यफुलाच्या बियांचीच पिशवी आणली. आम्हाला वाटलं, स्वर्ग म्हणतात तो हाच.

त्याला स्वतःला घरात गोड मिळत नव्हतं. थिराने साखर, जॅम, सगळं कपाटातून हद्दपार केलं होतं. पण अक्सेल रोज सकाळी पेपर आणायला जायचा आणि पेपर मिळायचा तो बेकरीच्या शेजारी. परत आला की कोटाच्या खिशातून हळूच कागदाची पुडी निघायची. आमच्या पेटीसमोर उभा राहून तो पेस्ट्री खायचा. तुकडे आम्हाला.

"थिराला सांगायचं नाही हं," तो पुटपुटायचा. "बघ, नवीन पोरगा लोणी कमी घालतो. पण पाक बरा जमलाय. घे, कनेल, तू सांग."

कनेल काय सांगणार? तो खायचा. मी भित्रा, हात आत आला की बिळात पळायचो. कनेल तळव्यावर चढून बसायचा, दोन पंजांत तुकडा धरायचा आणि डोळे अर्धे मिटून चघळायचा. अक्सेलचा चेहरा तेव्हा असा उजळायचा, जणू काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक म्हणालं असावं, वा, आज काय पाव झालाय!

कनेल फुगत गेला. प्रेबेन मास्तर कॉफीला आले आणि पेटीत डोकावून म्हणाले, "अरे, मी तुला उंदीर दिला होता. हा बटाटा कुठून आणलास?"

"माझ्या हातचं खाऊन कुणी हडकुळं राहिलंय का आजवर?" अक्सेल छाती काढून म्हणाला. "तू स्वतःकडे बघ की."

सगळे हसले. हसायचे ते शेवटचे दिवस.

आधी कनेलने उकरणं सोडलं. आम्हा जर्बिलांना उकरायला नसेल तर करमत नाही, पण तो दोन पंजे मारून धापा टाकायचा. मग त्याला तहान लागायला लागली. सारखा बाटलीच्या नळीला तोंड. भुसा ओला राहायचा. अक्सेल बाटली भरायचा, ती रिकामी व्हायची, तो पुन्हा भरायचा. बाटली हातात घेऊन तो कितीतरी वेळ नुसता उभा राहायचा. ती तहान त्याच्या ओळखीची होती. त्याचा स्वतःचा आजार तशाच तहानेतून तर सापडला होता. पण थिराला सांगायचं म्हणजे खिशातल्या पुडीचंही सांगायला लागणार. तो गप्प बसला.

एका सकाळी कनेल उठलाच नाही. मी त्याला नाकाने ढोसलं, अंगावर चढलो, कान चाटले. अंग गार लागत होतं. श्वास होता, पण खोल कुठेतरी. अक्सेल पेपर आणि पुडी घेऊन आला. त्याने आधी स्वतः एक घास घेतला, मग तुकडा कनेलच्या ओठाशी नेला. कनेलने तोंड हलवलं नाही.

"थिरा!" तो ओरडला. त्याला इतक्या मोठ्याने ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "थिरा, ऊठ!"

त्याने कनेलला लोकरीच्या टोपीत गुंडाळून छातीशी धरलं. मलाही डब्यात घातलं. भावांची ताटातूट झाली तर नंतर वास विसरून एकमेकांनाच चावतात, हे थिराला मास्तरांनी सांगितलं होतं.

जनावरांची डॉक्टर तरुण होती, तिचे हात ऊबदार. तिने कनेलला गरम पिशवीवर ठेवलं, सुई टोचली, वजन केलं. मग विचारलं, "काय खायला देता याला?"

"पुड्यातलं धान्य," थिराने लगेच सांगितलं. "चांगल्यातलं आणतो आम्ही."

डॉक्टरने कनेलची हनुवटी बोटाने पुसली आणि बोट उजेडात धरलं. "मग हे काय चिकटलंय? साखरेचा पाक दिसतोय."

थिरा कनेलकडे बघत राहिली. मग सावकाश नवऱ्याकडे वळली.

"अक्सेल," ती म्हणाली, "तुझ्या मिशीलाही तेच लागलंय."

अक्सेलने बाहीने मिशी पुसली. 

डॉक्टर रागावली नाही. तिने खुर्ची ओढली आणि नीट समजावून सांगितलं. गोड बंद, बिस्कीट बंद. बारीक दाण्यांचं मिश्रण मुख्य. सूर्यफूल, भोपळ्याच्या बिया फक्त नावापुरत्या. वाळलं गवत कायम, कुरतडायला. भाजीचा नखाएवढा तुकडा, आणि अधूनमधून एखादी वाळवलेली अळी, कारण अंगात ताकद यायला तेही लागतं. "आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय भरायची नाही. आवडीचं तेवढं वेचतात आणि बाकीचं टाकतात, मुलांसारखंच."

"वाचेल?" अक्सेलने विचारलं.

"आजचा दिवस काढेल. पुढचं त्याच्या जेवणावर आहे. म्हणजे तुमच्यावर."

 घराच्या दाराशी गाडी थांबली तरी थिरा उतरली नाही.

"मी तुझी साखर लपवते म्हणून तुला मी जेलरबाई वाटत असेन," ती समोर बघतच म्हणाली. "वाटू दे. पण त्या एवढ्याशा जिवाला बघितलंस ना? तू असा गार पडलास तर मी तुला कुठल्या टोपीत गुंडाळू?"

अक्सेलच्या मांडीवर आमचा डबा होता. तो थरथरला, म्हणून मला कळलं की म्हातारा रडतोय.

पुढचे दिवस कठीण गेले. कनेल जरा सावरला आणि वाटीपाशी जाऊन बसला. राळं बघितलं, ओट्स बघितले, आणि मान वर करून काचेला पंजे लावले. ती नजर मी ओळखतो. भल्याभल्यांना ती सहन होत नाही. अक्सेल पाठ फिरवून बाहेर निघून जायचा.

आणि विरघळली कोण, तर थिरा! एका दुपारी ती हळूच आली. हातात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बदामी बिस्किटाचा कोपरा होता.

"एवढासाच," ती कनेलला म्हणाली. "तुझ्या म्हाताऱ्याला कळायला नको."

"ठेव तो," दारातून अक्सेलचा आवाज आला.

ती चपापली. मग दोघं एकमेकांकडे बघून इतके हसले की थिराला खुर्चीत बसावं लागलं. "अगं, जेलरबाई तू," अक्सेल डोळे पुसत म्हणाला, "तूच फितूर?"

त्यानंतर त्याने आमचं जेवण बेकरीवाल्यासारखं हातात घेतलं. डब्यांतून दाणे काढून बोटांनी मिसळायचा, वास घ्यायचा. वाटी त्याने उचलूनच टाकली आणि दाणे भुशात, वाळूत विखरून दिले. शोधा म्हणाला. पहिल्या दिवशी कनेल रुसला. दुसऱ्या दिवशी त्याने एक पंजा मारला. मग दोन. संध्याकाळपर्यंत त्याची शेपटी तेवढी वर दिसत होती, बाकी सगळा भाऊ भुशाखाली! मी त्याच्या मागोमाग बोगद्यात शिरलो. कितीतरी दिवसांनी आमची टक्कर झाली.

डँडेलियन नावाच्या रानफुलाची कोवळी पानं आणायला अक्सेल चर्चमागच्या पायवाटेने जायला लागला. पेपर आता थिरा आणायची. गाजर चिरलं की एक चकती स्वतःच्या तोंडात, तिची कड आम्हाला. सूर्यफुलाच्या बियांची ती मोठी पिशवी उरली होती, म्हणून त्याने एका सकाळी पीठ काढलं आणि काळा जाडाभरडा पाव भाजला, बिया घालून. बेकरी गेल्यापासून त्याने पिठाला हात लावला नव्हता. थिरा खमंग वासाने उठली आणि झोपेतल्या कपड्यांतच दारात उभी राहिली. मग बशी घेऊन बसली.

कनेल पूर्वीसारखा चपळ झाला नाही. पण पुढचा हिवाळा, वसंत आणि पुन्हा एक हिवाळा त्याने पाहिला. गेला तो झोपेत, माझ्या पोटाशी डोकं ठेवून. अक्सेलने त्याला बागेत पुरलं आणि तिथेच गुडघे टेकून बसून राहिला. गुडघ्यांनी त्रास दिला असणार, पण तो हलला नाही.

आता मी म्हातारा झालोय. दात झिजले, दाणे फुटत नाहीत. अक्सेल ओट्स पाण्यात भिजवतो, मऊ झाले की बोटाच्या टोकावर घेऊन समोर धरतो. आता मी त्याच्या हाताला भीत नाही. भीत होतो तेव्हाचे दिवस वाया गेले असं वाटतं.

तुमच्या घरी आमच्यापैकी कुणी असेल तर एवढंच ऐका. आम्ही मागतो ते सगळं देऊ नका. आम्ही काहीही मागतो. आम्हाला शोधायला लावा, कुरतडायला द्या, ताजं पाणी ठेवा, आणि जेवताना जवळ बसा.

आज सकाळी मला दोन घासांनंतर धाप लागली. थिरा मागे उभी होती. 

"अक्सेल, आता शेवटाला कसलं पथ्य? दे की त्याला गोडाचा एक तुकडा."

अक्सेलने बोटावरचे ओट्स गार झाले का ते ओठाला लावून बघितलं. पुन्हा कोमट पाण्यात बुडवले.

"शेवट कुठे आलाय?" तो म्हणाला. "जेवतोय अजून तो."

त्याने बोट पुढे केलं. मी दोन्ही पंजांनी धरलं आणि जेवलो.