एक तास रुसशील का, आत्या?

पद्मजाचा प्रोग्रॅम यशोदापुढे कधी चुकायचा नाही आणि बिराजदार सरांपुढे कधी बरोबर यायचा नाही. आता याला काय म्हणायचं?

१९७८ साल होतं. सोलापुरातल्या त्या मुलींच्या शाळेत संगणक नव्हता, कुणी तो फोटोतसुद्धा धड पाहिला नव्हता. पण गणिताचे बिराजदार सर सुट्टीत पुण्याला प्रशिक्षणाला गेले आणि येताना बॅगेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि डोक्यात एक खूळ घेऊन आले. दर शनिवारी शाळा सुटल्यावर नववीच्या मुलींचा संगणकाचा वर्ग सुरू झाला. यंत्र नाही म्हणून सर स्वतःच यंत्र झाले! टेबलावर आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग, शेजारी हिशेबाच्या आकड्याची चिठ्ठी ठेवायला खडूचा एक रिकामा डबा. मुलींनी कागदावर एकाखाली एक हुकूम लिहायचे आणि सरांनी ते वाचून जसेच्या तसे पाळायचे.

"यंत्राला डोकं नसतं," सर म्हणाले. "तेव्हा या तासाला मलाही नाही."

एप्रिलमध्ये परीक्षा होती. तीत पहिली येईल ती मुलगी मे महिन्यात सरांच्या बहिणीकडे राहून आठ दिवस पुण्यात खरा संगणक बघणार, त्यावर स्वतःचा प्रोग्रॅम चालवणार. जाणार एकच मुलगी. सहामाहीत बीजगणितात पहिली आल्यापासून पद्मजाला आपल्याला काहीही जमतं असं वाटायला लागलं होतं, त्यामुळे ती पुण्याला चालली आहे हे परीक्षेआधीच सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यालासुद्धा.

आणि सराव परीक्षेत तिची अशी फजिती झाली की विचारू नका.

चिठ्ठ्यांवरच्या आकड्यांची बेरीज करायची, एवढंच होतं. पद्मजाने ऐटीत कागद दिला. सरांनी वरची चिठ्ठी उचलली, आकडा डब्यात मिळवला, चिठ्ठी बाजूला ठेवली, परत पहिल्या हुकमावर आले. दुसरी चिठ्ठी, तिसरी चिठ्ठी. ढीग संपला. तरी सरांचा हात मोकळ्या टेबलावर चाचपडतच राहिला. उचल, मिळव, बाजूला ठेव. उचल, मिळव, बाजूला ठेव. चेहरा अगदी मख्ख! वर्ग खोखो हसत होता.

"सर, संपल्या की चिठ्ठ्या! थांबा की आता!" पद्मजा ओरडली.

"कागदावर नाही," सर म्हणाले आणि हवेतली आणखी एक चिठ्ठी उचलली.

घरी जाताना तिने सगळा राग यशोदावर काढला. यशोदा म्हणजे तिच्या बाकावरची जिवलग मैत्रीण, दोघी रोज एकमेकींचं यंत्र व्हायच्या.

"काल तुझ्यापुढं हाच कागद चालला होता ना गं? मग तू कशी थांबलीस?"

"चिठ्ठ्या संपल्या, थांबले. मला कळतंय की एवढं!"

"तुला कळतंय म्हणूनच वाटोळं झालं माझं! जरा कमी हुशार असतीस तर काय बिघडलं असतं?"

"बरं बाई, उद्यापासून मठ्ठ होते," यशोदा म्हणाली. पण तिला ते जमेना. ती मठ्ठ चेहरा करायची आणि हात मात्र हळूच शहाण्यासारखे चालायचे. आई स्वयंपाकाच्या गडबडीत, बाबा कचेरीतून थकून आलेले. ते तर कागद न वाचताच "छान छान" म्हणायचे. पद्मजा नुसती चरफडत होती. अख्ख्या सोलापुरात एक बिनडोक माणूस मिळू नये?

तो मिळाला बुधवारी, नळाला पाणी आलं तेव्हा.

त्याचं असं झालं होतं, की माढ्याहून बाबांची थोरली बहीण, रंभाआत्या, दाढ काढायला आली होती. दाढ निघाली, आत्या राहिली. तिला रिकामं बसवत नसे. एक दिवस दारावर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडीवाली आली तेव्हा आत्याने बाबांची टेरिकॉटची पँट तिला देऊन टाकली आणि झाकणाचा एक लखलखीत स्टीलचा डबा घेतला. बाबांची कचेरीत घालायची पँट! आई बोलू नये ते बोलली नाही, पण एवढं मात्र म्हणाली, "वन्सं, यापुढे सांगितलं तेवढंच करत जा, म्हणजे झालं."

"बरं वैनी," आत्या म्हणाली. "सांगितलं तेवढंच."

झालं! त्या दिवसापासून आत्या रुसली. भांडण नाही, रडणं नाही. फक्त सांगितलं तेवढंच. कांदा चिरा म्हटलं की एकच कांदा चिरून विळी समोर ठेवून बसून राहायची.

बुधवारी आई बाजाराला जाताना सांगून गेली, "नळ आला की पाइप पिंपात सोडा." पद्मजा शाळेतून आली तर पिंप भरून वाहत होतं, मोरी तुंबली होती, अंगणातून पाणी गल्लीत चाललं होतं आणि शेजारच्या सावित्रम्मा कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. एप्रिलातलं सोलापूर, आणि पाणी रस्त्यावर!

"आत्या! पिंप भरलं, दिसत नाही का?"

"दिसतंय की."

"मग नळ बंद नाही का करायचा?"

पायरीवर बसलेल्या आत्याने मान वळवली. "बंद कर म्हनून कुटं सांगितलंय?"

पद्मजाने धावत जाऊन नळ बंद केला आणि जागच्या जागी थबकली. हवेतल्या चिठ्ठ्या उचलणारा सरांचा हात तिच्या डोळ्यांपुढे आला. अगं बाई! यंत्र तर आपल्या पायरीवर बसलंय!

मग काय! स्वयंपाकघरात वाट्या मांडल्या, वाटीवाटीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या, शेवटी तो भांडणाचा स्टीलचा डबा ठेवला आणि आत्याला समोर बसवून ती हुकूम वाचू लागली.

"एक वाटी उचल. शेंगा डब्यात ओत. वाटी खाली ठेव. परत पहिल्यापासून."

आत्याने पहिली वाटी उचलली, ओतली, खाली ठेवली. मग तीच रिकामी वाटी उचलली, ओतली, खाली ठेवली. मग परत तीच.

"आत्या, पुढची घे ना!"

"एक वाटी म्हनालीस. ही एक वाटीच हाय."

पद्मजाने डोक्याला हात लावला. खोडलं, लिहिलं, परत वाचलं. मग आत्या शेवटच्या वाटीनंतर थेट चुलीवरचं पातेलं उचलायला निघाली, कारण "पुढचं भांडं उचल" असं लिहिलं होतं. परत खोडलं. पेन्सिल मोडली. असं होतं तरी काय एकेका वाक्यात? सोपं, सरळ मराठी वाक्य, आणि त्याला इतकी भोकं! तिला रडू यायचं, मग हसू यायचं, मग पुन्हा आत्याचा तो थंड चेहरा बघून अंगाचा तिळपापड व्हायचा. पण डावागणिक कागद थोडा थोडा सुधारत होता. डाव संपला की ती रागारागाने डब्यातल्या सगळ्या शेंगा फोडून खाऊन टाकायची.

परीक्षा शनिवारी होती. शुक्रवारी सरांनी जाता जाता सांगितलं, "नुसती बेरीज येणार नाही हं. अट येईल."

अट म्हणजे नवा प्रोग्रॅम, नवी भोकं. पद्मजाने दुपारी घाईघाईने लिहिला: जिच्यात दहापेक्षा जास्त शेंगा ती वाटी पास, तिच्या नावाचा एक खडा डब्यात टाक. शेवटी खडे मोज. एक डाव झाला, आत्या मध्येच अडली, चूक सापडली. ती सुधारायला पद्मजा यशोदाकडे गेली आणि संध्याकाळी, कापड गिरणीचा भोंगा झाल्यावर, उड्या मारत घरी आली.

तेवढ्या वेळात घरात घात झाला होता.

आई आणि आत्या पोह्यांच्या बश्या घेऊन शेजारी शेजारी बसल्या होत्या. "पँट तशी गुडघ्यावर विरलीच होती हो वन्सं," आई म्हणत होती. "मीच उगाच बोलले. डबा किती जड आहे, चांगलाय." आत्या पदराने डोळे पुशीत होती.

"ये गं बाय," ती गोड आवाजात म्हणाली. "मांड तुजा डाव."

पद्मजाने मांडला. आत्याने एक हुकूम चुकवला नाही. पास वाट्या तीन, डब्यात खडे तीन. पहिल्याच फटक्यात! पद्मजा टाळ्या पिटत उठली आणि अर्ध्या टाळीतच थांबली.

"आत्या, दुपारचे खडे होते ना डब्यात? ते कुठे गेले?"

"काडून ठिवले की मगाशी. नवा डाव मांडनार तू, मग जुनं खडं कशाला?"

"मी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पायजे? मला काय डोळं न्हाईत व्हय?"

पद्मजाने डबा पुढे ओढला. आजवर डबा दर वेळी रिकामा असायचा, कारण शेंगा ती स्वतःच खाऊन टाकायची. खडे कोण खाणार? तिने कागदाच्या अगदी वर लिहिलं: आधी डबा रिकामा कर. पण आत्याने आणखी काय काय आपल्या मनाने सावरून घेतलं असेल? विचारून काय कळणार? मायेने केलेलं तिच्या लक्षातसुद्धा राहिलं नसेल. यशोदासारखीच झाली की ही! आणि परीक्षा उद्या!

"आत्या," ती काकुळतीला आली. "एक तास रुसशील का?"

"अगं, रुसाय काय हुकूम लागतो? कारन लागतंय."

आत्या हसत होती. पद्मजा मात्र हसली नाही. पुणे, यंत्र, गल्लीभर केलेली बढाई, सगळं डोळ्यांपुढे गरगर फिरत होतं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या शेंगाचटणीपेक्षा बाजारची चटणी बरी लागते. आम्ही सगळे तुझ्यासमोर नुसतं खोटं खोटं खातो."

आईच्या हातातली बशी तशीच राहिली. आत्याचं हसू गेलं. माढ्याहून येताना स्वतः खलबत्त्यात कुटून आणलेली चटणी होती ती.

"वाच," आत्या म्हणाली.

पद्मजाने वाचलं. आत्याने डबा रिकामा केला. वाट्या मोजल्या. आणि एका वाटीपाशी खडा न टाकताच पुढे गेली.

"यात दहा आहेत ना? दहाला पास!"

"धापेक्षा जास्त म्हनालीस. ह्या धाच हायेत."

मघाशी याच वाटीला आत्याने गुपचूप पास केलं होतं. पद्मजाने "दहा किंवा दहापेक्षा जास्त" असं लिहिलं. परत वाचलं, परत. आता एकही भोक उरलं नव्हतं.

"आत्या, मी मुद्दाम बोलले गं, तसं काही नाही. तू रुसावंस म्हणून..."

"आजून काय हुकूम?" आत्याने विचारलं. हुकूम नव्हता, म्हणून ती उठली आणि पिशवी भरायला गेली. "उद्या दुपारच्या यस्टीनं जाते, वैनी."

आई पद्मजाकडे नुसती बघत राहिली. त्यापेक्षा दोन धपाटे बरे होते.

परीक्षेत प्रश्न आला: चिठ्ठ्यांवर मार्क आहेत, पस्तीसला पास, किती मुली पास झाल्या ते मोजा. आधी सगळ्यांचे कागद गोळा झाले, मग सर यंत्र होऊन एकेक चालवू लागले. पद्मजा डोळ्यांत प्राण आणून बघत होती. यशोदाचा कागद झकास चालला, पण उत्तर भलतंच मोठं आलं.

"सर, डब्यात आधीच्या मुलीचा आकडा राहिलाय!" यशोदा रडवेली झाली.

"राहिलाय," यंत्र म्हणालं. "काढायला कुणी सांगितलंय?"

मग पद्मजाचा कागद आला. सरांनी पहिली ओळ वाचली, डबा उचलला आणि उलटा करून झटकला. आधीच्या आकड्याची चिठ्ठी आणि खडूची पांढरी धूळ टेबलावर पडली. एका चिठ्ठीवर बरोब्बर पस्तीस होते. तीही पास झाली. ढीग संपला आणि सरांचा हात थांबला. वर्गात कुणीच हसलं नाही. सरांनी चष्मा काढला, म्हणजे ते आता पुन्हा माणूस झाले.

"बाबांना विचार, मे महिन्यात पाठवतील का," ते म्हणाले. "आणि हे सगळं बारकाईनं तपासून कुणी दिलं तुला?"

पद्मजाने दप्तर उचललं. यशोदाने पाठीत मारलेली हसरी बुक्कीसुद्धा तिला धड लागली नाही. ती पळत सुटली. टिळक चौकातली गर्दी, सायकली, टांगे, कशाचंच भान नव्हतं. यस्टी गेली असली तर?

आत्या पायरीवर बसली होती. मांडीवर पिशवी, पायांत चपला.

"पहिली आले," पद्मजा धापा टाकत म्हणाली. पण सांगायचं होतं ते हे नव्हतंच. "आत्या, पिशवी खाली ठेव."

आत्याने ठेवली. चेहरा तसाच थंड.

"चपला काढ. आत चल. मला भाकरी वाढ आणि तुझी शेंगाचटणी वाढ."

आत्याने भाकरी वाढली, चटणी वाढली. मग आणखी चटणी. मग आणखी. ताटात लाल डोंगर झाला, तरी चमचा चालूच. आई दारात येऊन उभी राहिली. पद्मजाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तिखटाने की कशाने, पण घास थांबत नव्हता.

"आत्या, अगं..."

"थांब म्हनून कुटं सांगितलंयस?" आत्या म्हणाली, आणि तिच्या काढलेल्या दाढेच्या बाजूचा ओठ जरासा हलला.

थांबवायला नेमकं काय म्हणायचं, ते अख्ख्या शाळेत पद्मजाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिने ताट पुढे सरकवलं.