काचेच्या खोलीतले पाच

झिपऱ्याला आता टाळ्याही ऐकू येत नाहीत, आणि त्याला कारण मी आहे. उगाच आढेवेढे कशाला घ्या!

एकोणतीस वर्षं तो गिटार घेऊन गायचा आणि मी त्याचा साउंडवाला. सुरुवातीला गॅरेजातून गाडी बाहेर काढून आम्ही धिंगाणा घालायचो, आणि शेजारीण खिडकीतून आमचा उद्धार करायची. पुढे त्याच गाण्यांवर अख्खी स्टेडियमं नाचली. स्टेजवर बोलायची सोय नसायची. मी कोपऱ्यातून भुवई उडवली की तो सूर उचलायचा. डोळे मिटून विश्वास.

मोठ्या दौऱ्याआधी त्याच्या कानात सतत शिट्टी वाजायला लागली. त्याची लेक हट्टाला पेटली. "बाबा, कान तपासा. निम्म्याहून जास्त आवाज चुकले तर गिटार खाली ठेवायची." त्यानं तिला शब्द दिला.

तपासणीला काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवतात. बाहेरची बाई बटण दाबते, आत बारीक आवाज होतो, तो ऐकू आला की हात वर करायचा. मी बाईंच्या मागे होतो. त्यांचं बोट मला दिसत होतं आणि झिपऱ्याला मी दिसत होतो. एक-दोन आवाज त्यानं आपणहून पकडले. मग तो कावराबावरा होऊन माझ्याकडे बघायला लागला आणि माझी मेली भुवई आपोआप उडाली. इतक्या वर्षांची सवय! त्याचा हात झटकन वर. त्यानंतर मात्र मी ती मुद्दाम उडवत राहिलो. वीसपैकी अठरा बरोबर.

जिन्यात त्यानं माझा दंड धरला. "चेष्टा पुरे. या शिट्टीपायी मला काही कळलंच नाही. माझे स्वतःचे किती आले?"

माझ्या भुवईआधी हात वर गेला, तेवढेच त्याचे. मी मोजले होते. पाच. पण दौरा बुडाला तर मला कोण कुत्रं विचारणार होतं?

"चौदा तरी," मी म्हणालो.

"मग जमतंय की!" दोन-दोन पायऱ्या उतरत गेला बिचारा.

दौरा अकरा महिने चालला. शेवटच्या महिन्यात कान गेले ते गेलेच. त्याला आता दोन वर्षं झाली.

काल त्याच्या घरी गेलो. तो खिडकीकडे तोंड करून गिटारच्या तारा पुसत होता. मी दारातूनच त्याच्या पाठीला सांगून टाकलं, "पाचच होते रे. मी खोटं बोललो." केवढा मी शूर!

मागे लेक उभी होती, कडेवर सहा महिन्यांची पोर. लेक माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं टेबलावरची पाटी माझ्या हातात दिली.

"काका, त्यांना वाचता येतं."

मी तेच पाटीवर लिहिलं. झिपऱ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.

"का रे?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

मी लिहिलं, तू थांबला असतास.

"थांबलोच असतो," तो म्हणाला. गिटार बाजूला ठेवली. मग नातीला मांडीवर घेऊन माझ्याकडे वळला. "हिचा आवाज कसा आहे रे? लिही."

मी पाटी पुसली आणि खडू धरून तसाच बसून राहिलो.